उसने नेलेले दहा चॅनेल

वन्सं राहायला आल्या त्याला तीन आठवडे होऊन गेले होते आणि एवढ्या दिवसांत त्यांनी भावजयीच्या एकाही कामाला नाव ठेवलं नव्हतं. घरात सगळ्यांना हेच खुपत होतं. एरवी त्या दोन दिवसांसाठी आल्या तरी पहिल्या तासात भाजी जाड चिरलेली निघायची, उशांचे अभ्रे उलटे घातलेले निघायचे आणि भावजय मनातल्या मनात त्यांच्या परतीच्या गाडीची वेळ मोजायला लागायची. आता त्या सकाळी उठून स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसत, समोर येईल ते खात आणि भांड्यांना मात्र दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसत. एकदा भावजयीने मुद्दाम भाजीत दुप्पट मीठ टाकलं. वन्संनी ताटातलं सगळं निमूट संपवलं, ताट धुतलं आणि जागेवर ठेवलं. त्या दिवशी तिला पहिल्यांदा त्यांची काळजी वाटली.

वन्सं म्हणजे तिच्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलं नाही. अकरा वर्षं डोंगरावरच्या दगडाच्या खाणीत प्रथमोपचाराच्या खोलीत नोकरी केली. कोणाच्या डोळ्यात कण जावा, कोणाचं बोट चेचावं, कोणाला ऊन लागावं, आणि वन्संनी त्याला आधी चार शब्द सुनवावेत आणि मग पट्टी बांधावी. गेल्या महिन्यात एका मंगळवारी दुपारी तीन वाजून अकरा मिनिटांनी तिथे कडा सुटला आणि दगडाला भोकं पाडणाऱ्या यंत्रावरच्या एका कामगाराच्या मांडीवर शिळा आली. त्याला खोलीत आणलं तेव्हा तो शुद्धीवर होता. डोंगराच्या पायथ्याशी खाणीचाच दवाखाना आहे, डॉक्टर आहे, गाडी आहे. फोन गेला की गाडी सात मिनिटांत वर येते. त्या दिवशी दवाखान्यात फोन पोचला तो तीन बावीसला. गाडी आली, त्याला घेऊन निघाली, आणि अर्ध्या उतारावर तो गेला. डॉक्टरांनी लिहून दिलं की दहा मिनिटं आधी कळलं असतं तर बहुधा वाचला असता.

मग ती अकरा मिनिटं बाईंनी काय केलं, असा प्रश्न निघाला. वन्संनी सांगितलं की एका हाताने जखम दाबून मी दुसऱ्या हाताने फोनच लावत होते, लागत नव्हता. एकाला सायकलवर खाली पिटाळलाही होता, पण तो पोचायच्या आत गाडी वर निघाली होती. पण खोलीतला टेबलावरचा फोन बिनतारी, टॉवरवर चालणारा, शेवटचे दहा नंबर तेवढे लक्षात ठेवणारा, वेळ न दाखवणारा. सुरुंगाच्या धोक्यामुळे मोबाईल सगळ्यांचेच फाटकावर जमा, वन्संचाही. फोन कंपनीने दिलेल्या यादीत त्या खोलीतून त्या दुपारी एकच फोन होता, तीन बावीसचा. म्हणजे बाई घाबरल्या, गोठून बसल्या आणि आता सारवासारव करतात, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. खाणीने त्यांना घरी बसवलं. मेलेल्याच्या थोरल्या भावाने फाटकावर येऊन त्यांना काय काय सुनावलं, ते वन्संनी कोणाला सांगितलं नाही, पण तेव्हापासून त्यांचं बोलणं आटलं.

आता गंमत बघा. ज्या फोन कंपनीने ती यादी दिली, तिथेच भावजय नोकरीला होती. नुसती नोकरीला नव्हे, तर शहरातल्या आणि भोवतालच्या सगळ्या टॉवरांना चॅनेल कसे वाटायचे, हे तिच्याच हातात होतं. कचेरीत तिला सगळे वाटपबाई म्हणत. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, तो हा.

तिचं काम परक्या माणसाला समजावून सांगायचं तर ती खुर्च्यांचा दाखला द्यायची. प्रत्येक टॉवरकडे ठरावीक खुर्च्या. एक बोलणं म्हणजे एक खुर्ची. एखाद्याकडे पाहुणे वाढले की तो शेजारून उसन्या आणतो, कारण शेजारच्याकडे त्या वेळी रिकाम्या पडलेल्या असतात. मात्र एक खुर्ची एका वेळी एकाच घरात. तोच चॅनेल दोन शेजारच्या टॉवरांनी एकदम वापरला तर दोघांचंही बोलणं एकमेकांत कालवतं. म्हणून ज्याने दिली त्याने परत येईपर्यंत तिला हात लावायचा नाही. पूर्वी हे वाटप वर्षातून दोनदा कागदावर व्हायचं. आता मिनिटामिनिटाला यंत्र करतं, पण यंत्राने कोणाकडून किती उसनं घ्यायचं, मागे किती ठेवायचं आणि परत कधी करायचं, हे नियम वाटपबाईने लिहिले होते. तेवढ्याच टॉवरांवर दीडपट माणसं बोलायला लागली होती. तिला याचा अभिमान होता आणि तो वाजवी होता.

त्या नियमांत एक नियम मात्र तिचा नव्हता. तो आबांचा. आबा म्हणजे त्यांच्या खोलीचे जुने प्रमुख, निवृत्त होऊन सहा वर्षं झालेले. ते म्हणायचे, "बसलेल्या माणसाला उठवायचं नाही." शेजाऱ्याला त्याची खुर्ची कितीही निकडीने परत हवी असली तरी तिच्यावर कोणी बोलत असेल तर त्याचं बोलणं संपेपर्यंत थांबायचं. माणसं दीडदोन मिनिटंच बोलतात, म्हणून नियम कधी कोणाला टोचला नाही. दुसऱ्या कंपन्या बोलणं मध्येच तोडतात, आम्ही तोडत नाही, असं त्या खोलीत नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगितलं जायचं.

एवढं सगळं हातात असून तीन आठवडे तिने बघितलं का नाही? नवऱ्याने तोच प्रश्न विचारला. त्याचं चष्म्याचं दुकान होतं आणि माणूस शांत होता. सकाळी दुकानाच्या किल्ल्या शोधता शोधता तो म्हणाला की तू दिवसभर लोकांच्या फोनांवरच बसलेली असतेस, ताईने लावला होता की नाही हे तुला बघता येत नाही का. ती म्हणाली की यादी दुसऱ्या विभागाने दिली आहे, ती बरोबर आहे. तो म्हणाला, "यादीचं नाही विचारत. ताईचं विचारतोय." आणि किल्ल्या घेऊन निघून गेला.

खरं सांगायचं तर तिलाही वाटलं होतं की वन्सं घाबरल्या असतील. इतरांना धारेवर धरणारी माणसं ऐन वेळी गळपटतात, असं तिने मनाशी म्हटलं होतं, आणि त्यात जराशी फिट्टंफाट झाल्याचं समाधानही होतं. चांगलं समाधान नव्हे ते. पण होतं.

त्या दिवशी कचेरीत जेवणाच्या सुट्टीत सगळे उठून गेल्यावर तिने खाणीच्या टॉवरची नोंद उघडली. लागलेल्या फोनांची नव्हे, न लागलेल्यांची. ही नोंद ग्राहकाला कधी जात नाही. ती फक्त त्यांच्या खोलीसाठी असते आणि तीस दिवसांनी आपोआप पुसली जाते. मंगळवारच्या अपघाताला त्या दिवशी सत्तावीस दिवस झाले होते.

प्रथमोपचाराच्या खोलीतला नंबर तिने टाकला. तीन बारा, नाकारला. तीन बारा, नाकारला. तीन तेरा, नाकारला. पडद्यावर ओळी खाली खाली उतरत गेल्या. चौतीस ओळी होत्या. चौतीस वेळा वन्संनी दवाखान्याचा नंबर फिरवला होता आणि चौतीस वेळा टॉवरने सांगितलं होतं की जागा नाही. पस्तिसावा लागला, तीन बावीसला.

तिचे डोळे भरून आले. लगेच उठून घरी फोन करावा असं तिला वाटलं आणि तिने हात पुढेही केला. पण धंद्याची सवय वाईट. जागा का नव्हती, हे बघितल्याशिवाय तिला राहवेना.

खाणीच्या टॉवरकडे सोळा चॅनेल. त्यातला एक आपत्कालीन नंबरासाठी कायम राखीव. तो त्या सगळ्या वेळात रिकामाच होता, कारण खोलीतल्या पाटीवर लिहिलं होतं, अपघात झाल्यास प्रथम आपल्या दवाखान्याला फोन करावा. पाटी चुकीची नव्हती. आपत्कालीन गाडी शहरातून यायला पाऊण तास लागायचा. उरलेल्या पंधरांतले दहा यंत्राने पावणेतीनला शेजारच्या मैदानाच्या टॉवरला उसने दिले होते. खाणीत मोबाईल फाटकावर असतात, त्यामुळे दुपारी तिथे कोणी बोलतच नाही. यंत्राने ते महिनाभर बघून शिकून घेतलं होतं. राहिले पाच. कडा सुटल्याबरोबर माणसं फाटकाकडे धावली, आपापले मोबाईल घेतले आणि घरी फोन करत सुटली. पाच चॅनेल अर्ध्या मिनिटात भरले, आणि एक सुटला की दहा जण त्याच्यावर टपलेले.

पण ते दहा परत यायला हवे होते. खाणीच्या टॉवरने तीन बारालाच परत मागितले होते, नोंद स्वच्छ होती. मैदानाच्या टॉवरचं उत्तरही स्वच्छ होतं. बोलणं चालू आहे. तेरा, चौदा, पंधरा. बोलणं चालू आहे. दहाच्या दहा चॅनेलवर. अशी कोण माणसं दहा मिनिटं सलग बोलत बसली होती, म्हणून तिने त्यांचे नंबर उघडले.

नंबर एका ओळीत होते, शेवटचे दोन आकडे एकेचाळीस ते पन्नास. ते तिला पाठ होते. ते फोन तिच्याच कपाटात होते.

त्या मंगळवारी मैदानावर यंत्रांचं मोठं प्रदर्शन होतं आणि संचालक बघायला येणार होते. गर्दीतही नवा नियम किती माणसं पेलतो, हे वाटपबाईने त्यांना करून दाखवलं होतं. तंबूत एका टेबलावर चाचणीचे दहा फोन ओळीने मांडले. मैदानाचे स्वतःचे चॅनेल लोकांनी भरले होते, तरी तिने एकेक फोन लावला आणि दहाही लागले. पलीकडे कचेरीतलं यंत्र फोन उचलायचं आणि गप्प राहायचं. संचालक येईपर्यंत फोन चालू ठेवायचे होते, नाहीतर दाखवणार काय. ते उशिरा आले, चहा घेतला, टेबलाकडे बघून मान डोलावली. ते गेल्यावर तिने दहाही फोन एकामागून एक बंद केले. तीन बावीसला.

बसलेल्या माणसाला उठवायचं नाही. खुर्च्यांवर माणूस बसलाच नव्हता. तिने नुसते रुमाल टाकून जागा धरून ठेवल्या होत्या.

सुट्टी संपून लोक परत आले तेव्हा ती तशीच बसून होती. कोणीतरी विचारलं, जेवली नाहीस का. ती म्हणाली, जेवते. मग तिने नोंदीच्या सहा पानांच्या प्रती काढल्या आणि साहेबांकडे गेली.

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी पानं दोनदा वाचली आणि दार लावून घेतलं. चौकशी अधिकाऱ्यांनी लागलेल्या फोनांची यादी मागितली होती, ती आपण दिली, असं त्यांनी सांगितलं. विचारलं तेवढं सांगावं. चौतीस फोन लागले नाहीत एवढं एक पान देता येईल, अपघातामुळे गर्दी झाली असं लिहून. त्यात खोटं काही नाही, बाई सुटतील, विषय संपेल. उरलेली पाच पानं तीन दिवसांनी आपोआपच पुसली जातील. वाटपबाई ऐकत होती आणि तिला कबूल करावं लागलं की तिला हे पटत होतं. वन्संवरचा डाग जातो, तिची नोकरी राहते, आबांचा नियम राहतो, घर राहतं. झाकली मूठ.

साहेब शेवटी म्हणाले, "तुझ्या हातून काही मुद्दाम झालेलं नाही."

ती म्हणाली, "वन्संच्या हातून तर काहीच झालेलं नाही."

घरी ती वन्संना सांगणार होती. त्या स्टुलावर बसून शेंगा सोलत होत्या. तिने समोर बसून चौतीसचा आकडा सांगितला. वन्संचे हात थांबले. त्या एवढंच म्हणाल्या, "चौतीस का? मला पन्नास वाटले." मग सोलायला लागल्या, आणि जरा वेळाने त्यांनी पदराने डोळे पुसले. पुढची पाच पानं तिच्या पिशवीत होती. तिने पिशवीवर हात ठेवला, तोंड उघडलं, आणि नवरा दुकानातून आला. तेव्हा सांगता आलं नाही. जेवताना नाही, दुसऱ्या दिवशी सकाळीही नाही. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, ही म्हण तिने शाळेत पाठ केली होती. तिचा अर्थ आता त्या पाच पानांत होता.

सुनावणी खाणीच्या कचेरीत होती. लांब टेबल, भिंतीवर डोंगराचा नकाशा, सगळ्यावर दगडाची बारीक भुकटी. एका बाजूला डॉक्टर आणि खाणीचे व्यवस्थापक, दुसऱ्या बाजूला वन्सं आणि नवरा. दाराजवळच्या खुर्चीवर मेलेल्या कामगाराचा थोरला भाऊ बसला होता, इस्त्रीचा शर्ट घालून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. तो वन्संकडे बघत नव्हता. कंपनीने एक पान पाठवलं होतं आणि ते समजावून सांगायला वाटपबाईला बोलावलं होतं.

तिने चौतीस ओळी वाचून दाखवल्या, प्रत्येकीची वेळ सांगून. मोठ्याने वाचायला दोन मिनिटं लागली. निम्म्यावर आल्यावर भावाने मान वर केली आणि पहिल्यांदा वन्संकडे बघितलं. वाचून झाल्यावर अधिकारी म्हणाले की बाईंनी फोन लावला नाही, हा आक्षेप यानंतर राहत नाही. त्यांनी तसं लिहून घेतलं. व्यवस्थापक खुर्चीत जरा सरकले. सगळं इथे संपवता आलं असतं. वाटपबाईला खाली बसायलाही सांगितलं होतं.

ती उभीच राहिली. पिशवीतून पाच पानं काढून तिने टेबलावर ठेवली आणि म्हणाली की जागा का नव्हती, हे यात आहे.

सोळा चॅनेल, पाच, दहा, उसने देण्याचा नियम, परत न करण्याचा नियम, असं तिने साध्या शब्दांत सांगितलं. खुर्च्यांचा दाखला दिला नाही. अधिकारी चष्मा कपाळावर चढवून ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, "त्या दहा लाइनींवर इतका वेळ कोण बोलत होतं?"

ती म्हणाली, "कोणी नाही."

"म्हणजे?"

"टेबलावर ठेवलेले फोन होते. चाचणीचे. मी लावले होते, आणि तीन बावीसला मीच बंद केले."

अधिकाऱ्यांनी लिहिणं थांबवलं. नवऱ्याचा चेहरा तिने बघितला नाही. बघण्याचा धीर झाला नाही. दाराजवळचा भाऊ उठला. तो ओरडेल असं सगळ्यांना वाटलं, व्यवस्थापक तर अर्धे उभे राहिले. तो वन्संच्या खुर्चीपाशी गेला, त्यांच्यासमोर क्षणभर उभा राहिला, "फाटकावर मी जे बोललो, ते..." एवढं म्हणाला आणि पुढचं न सुचून बाहेर निघून गेला. वाटपबाईशी तो एक शब्दही बोलला नाही. त्याने काही बोलावं अशी अपेक्षा तिने तरी कुठल्या तोंडाने करावी?

पुढे काय काय झालं ते थोडक्यात सांगता येईल. वन्संना कामावर परत बोलावलं. चाचणीचे फोन लोकांच्या वेळेत लावायचे नाहीत, असं ठरलं. आबांचा नियम तिने स्वतःच्या हाताने बदलला, आणि तो बदलेपर्यंत ती त्याच खोलीत राहिली, मग बदली झाली. हे सगळं नंतरचं. त्या दिवशी सुनावणी उठल्यावर नवरा गाडी काढायला गेला आणि ती कचेरीच्या पायरीवर एकटी बसली. तिला वाटलं, आता वन्सं तिच्याकडे न बघता जातील, आणि तसं त्यांनी करणं बरोबरच होईल.

वन्सं आल्या आणि तिच्या शेजारी बसल्या. तिथून प्रथमोपचाराची खोली दिसत होती, दाराला कुलूप होतं.

"मला घरी का नाही सांगितलंस?" त्यांनी विचारलं.

"धीर झाला नाही."

"हं." त्या कुलपाकडे बघत म्हणाल्या, "तो सारखा विचारत होता, लागला का, लागला का. मी त्याला म्हटलं, लाइन बिझी आहे रे, कोणीतरी बोलतंय. त्यांचं झालं की लागेल." त्यांनी तिचा हात हातात घेतला आणि घट्ट धरला, दुखेल इतका. "तर म्हणाला, बोलू द्या त्यांना. असेल काहीतरी महत्त्वाचं."